पोचलो म्हणेपर्यंत

आमचे हे सुतारकाम करतात. कामाला कुठेही गेले, अगदी पलीकडच्या गल्लीत का असेना, तरी तिथून फोन करतात आणि एकच शब्द बोलतात. ‘पोचलो.’ मी ‘बरं’ म्हणते आणि फोन ठेवते. लग्न झालं तेव्हा घरात फोन नव्हता, तेव्हा कुणाकडून तरी निरोप यायचा, ‘पोचले म्हणून सांगितलंय.’ तो शब्द कानावर पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. एवढी वर्षं झाली, अजून तसंच.

पूर्वी ती नुसती सवय होती. पण ह्यांना माशी चावली तेव्हापासून ती भीती झाली.

खिडकीची चौकट दुरुस्त करत होते. मानेला मधमाशी डसली. मी स्वयंपाकघरातून पाणी आणेपर्यंत ओठ फुगले होते, डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, आणि ते मला हाक मारत होते पण तोंडातून नुसती हवा येत होती. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, “ह्यांना माशीच्या विषाचं वावडं आहे. ह्या वेळी वेळ मिळाला. पुढच्या वेळी मिळेलच असं समजू नका.” त्यांनी एक नळी दिली. तिच्यात औषध आणि सुई दोन्ही. माशी डसली की मांडीत टोचायची आणि दवाखान्याकडे पळायचं.

ती नळी तेव्हापासून ह्यांच्या कोटाच्या खिशात असते. ह्यांनी तिचं नाव ठेवलं मेहुणा. “कुठेही जा, बरोबर आहेच,” म्हणतात. माझा सख्खा भाऊ एकदा हे ऐकून आठ दिवस रुसला होता.

तर हे असे, आणि कामाला लागलो आम्ही दोघं जंगलात.

शहरातल्या दफनभूमीत जागा उरली नव्हती. म्हणून शहराबाहेरच्या टेकडीवर, झाडीतच, नवी करायचं ठरलं. दगडांच्या रांगा नकोत, भिंती नकोत. झाडांखालून वाटा, मध्ये एक तळं, बसायला बाकं, आणि गवतात लहान लहान दगड. बागच म्हणा. आम्ही सगळे तिला बागच म्हणायचो. कुणी विचारलं कुठे कामाला जाता, तर बागेत. मी रोपवाटिकेतली, कुठल्या सावलीत काय जगेल ते बघायला मला घेतलं होतं. ह्यांच्याकडे बाकं आणि फाटक.

आराखडा ज्यांनी केला त्यांना आम्ही नकाशाबाई म्हणायचो. तोंडावर बाई. काखेत कागदाची गुंडाळी, गळ्यात मोजायची फीत, आणि बूट इतके फाटलेले की गवंड्याने एकदा त्यांना सिमेंटचे करून देऊ का विचारलं. पहिल्या दिवशी त्या झाडीकडे हात करून म्हणाल्या, “मला इथे सुंदर वाट लावायची आहे.” गवंडी म्हणाला, “बाई, वाट लावायला आम्ही आहोतच.” त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. तेव्हापासून सगळ्यांचं जमलं.

पण एका गोष्टीत त्या हसायच्या नाहीत. प्रत्येक वळण त्यांना प्रत्यक्ष करून बघायचं असायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “माझ्या वडिलांना नेलं तेव्हा जुन्या दफनभूमीत वाट एवढी चिंचोळी होती, की वळणावर पेटी तिरकी करावी लागली. मी मागे चालत होते. आत वडील सरकलेले मला ऐकू आले.” मग त्यांनी फीत गुंडाळली. “इथे कुणाला तसं ऐकू येणार नाही.”

म्हणून ह्यांना एक पेटी करायला सांगितली. तालमीची पेटी. चौघांनी ती खांद्यावर घ्यायची, फाटकापासून वरच्या मोकळवनापर्यंत, झाडी संपते त्या मोकळ्या जागेपर्यंत, चालायचं, आणि कुठे अडतं ते बघायचं. पहिल्यांदा आत वाळूची पोती ठेवली. चढावर वाळू सगळी मागे गेली, आणि मागचे ड्रायव्हर आणि माळी दोघं ओरडायला लागले.

“माणूस असा पसरत नाही,” हे म्हणाले. “मी झोपतो आत.”

माझ्या हातातलं रोप पडलं.

“काही नको,” मी म्हणाले. “जिवंत माणसाने पेटीत अंग टाकू नये.”

“मीच केलीय. माझ्याच मापाची झालीय बघ.”

“असलं बोलू नका हो.”

“वहिनी, घाबरू नका,” माझे धाकटे दीर म्हणाले. तेही आमच्याबरोबर कामाला होते, पुढच्या दोघांतले एक. “दादाला आत ठेवू तेवढा वेळ तरी आमच्या कानांना विश्रांती.”

बाईंनी ह्यांना दोनदा विचारलं, खरंच चालेल का. ह्यांना मुळात कोंडलेलं सोसत नाही, म्हणून ह्यांनी पेटीला आतून खिट्टी लावून घेतली. मनात आलं की आतून उघडता यावी. डोक्याशी श्वासासाठी खिळ्याएवढी भोकं पाडली. आणि हात बाहेर काढता यावा म्हणून उजव्या हाताशी मनगट जाईल एवढी खाच, तिच्यावर सरकती फळी. सगळं नीट. मग गवंड्याने पैज लावली.

“वर पोचेपर्यंत गप्प पडून राहायचं. मेलेला माणूस बोलत नाही. मध्ये झाकण उघडलंत तर आठवडाभर आमचे बूट तुम्ही पुसायचे.”

“आणि नाही उघडलं तर?”

“तर आम्ही तुमचे.”

“वर पोचलो हे मला आत कळणार कसं?”

“मी ओरडेन,” भावजी म्हणाले. “पोचलो म्हणेन. ते ऐकलं की उघड.”

ह्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तो शब्द भावजींनी मुद्दाम निवडला नव्हता, पण मला तो खटकला. माझा शब्द तिथे नको होता.

दुपार होती. थंडी ओसरत आलेली, ऊन अंगाला बरं वाटत होतं. ह्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. “झोपल्यावर अंगाला टोचतो,” म्हणाले. मी कोट दोन्ही हातांनी धरला, खिसा वर करून. ते आत झोपले, झाकण बसलं, आतून खिट्टीचा खट्ट आवाज आला. चौघांनी पेटी उचलली. भावजी आणि गवंडी पुढे, ड्रायव्हर आणि माळी मागे. बाई आणि मी त्यांच्या मागून, थोडं अंतर ठेवून.

पहिली दोन वळणं सुरळीत पार पडली. बाई फीत लावत होत्या. मी फक्त पेटीकडे बघत होते. चालता चालता मला वाटायला लागलं की हे खरंच आहे. चौघांच्या खांद्यावर माझा नवरा आहे आणि मी मागून चाललेय. मनाला समजावत होते, अगं तालीम आहे, तालीम. पण डोळ्यांना तालीम कळत नाही. डोळे जे दिसतं तेच बघतात.

तिसऱ्या वळणावर तो जुना वृक्ष होता. बाईंना तो फार आवडायचा. वाट त्याच्याभोवतीच फिरवली होती. एका अंगाला खोड, दुसऱ्या अंगाला उतार. वळताना गवंड्याचा पाय घसरला आणि पेटीचा कोपरा खोडावर आदळला. ढोलावर थाप पडावी तसा आवाज आला. खोड आतून पोकळ होतं.

“दार वाजवलंस रे,” भावजी म्हणाले. “आता कुणीतरी उघडेल.”

सगळे हसले. मागे सरले, पुन्हा वळायला गेले, पुन्हा कोपरा आदळला. ह्या वेळी जोरात.

मग खोडातून गुणगुण आली. आधी मला वाटलं लांब कुठेतरी यंत्र चालू झालं. माळ्याला कळलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, “मोहोळ!” आणि खोडाच्या भेगेतून त्या धुरासारख्या बाहेर पडल्या.

चौघांनी पेटी टाकली नाही. खाली ठेवली, हे मी अजून सगळ्यांना सांगते. माश्या चावत असताना ठेवली. मग पळाले, वर मोकळवनाकडे, तिथल्या अवजारांच्या खोपीकडे. माश्या त्यांच्यामागे. बाईंनी माझा दंड धरून मला खाली झुडपाआड ओढलं.

पेटी वाटेवर एकटी पडली होती. तिच्यावर माश्या चालत होत्या. झाकणावर, कडांवर, भोकांपाशी. नवं लाकूड फिकं होतं, ते बघता बघता काळपट झालं.

“ते आत आहेत,” बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. “बंद आहेत. भोकातून माशी जात नाही ना?”

“खिळ्याएवढी आहेत.”

“मग आपल्या सगळ्यांत तेच सुरक्षित आहेत. माश्या शांत होईपर्यंत त्यांनी नुसतं पडून राहायला हवं.”

ते पडून राहतील हे मला माहीत होतं. पैज होती. माणूस हट्टी. जन्मभर त्या हट्टाला मी बोटं मोडली, त्या दिवशी मी त्या हट्टाचे पाय धरले असते.

आणि वरून, खोपीतून, भावजींचा आवाज आला. जीव वाचलेल्या माणसाचा आवाज, टेकडीभर ऐकू जाईल असा.

“पोचलो! गवंडी, इकडे ये, मी पोचलो! दार उघडं आहे!”

“मीपण!” ड्रायव्हर ओरडला. “पोचलो, पोचलो!”

पेटीतून खट्ट आवाज आला. झाकण बोटभर वर उचललं गेलं.

मी कशी गेले ते मला सांगता येत नाही. कोट डोक्यावरून घेतला होता एवढं आठवतं. धावत गेले आणि झाकणावर बसले, सगळं वजन टाकून. झाकण खाली बसलं. माझ्या हातावर डंख बसला, मग गालावर, मग कानाच्या पाळीवर. मी तोंड भोकांपाशी नेलं.

आतून हे हसत होते. “ए, उठा वरून. पोचलोय आपण, मी ऐकलं. पैज जिंकलो.”

“उघडू नका!”

“कोण? तू आहेस का?”

“माशी!” मी ओरडले. “माशी! माशी!”

ओठांवर डंख बसला होता. जीभ जड झाली होती. माझा मलाच शब्द नीट ऐकू येत नव्हता, आणि मध्ये फळी होती.

हसणं थांबलं. मग हे म्हणाले, वेगळ्याच आवाजात, “माती?”

“माशी!”

“माती कसली? ए! माती कसली टाकताय?”

त्यांनी दोन्ही गुडघे झाकणाला लावले आणि ढकललं. मी उचलली गेले. पुन्हा आदळले. ते ओरडायला लागले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, हातोडी अंगठ्यावर बसली तरी ते नुसते फुंकर घालतात. “उघडा! मी जिवंत आहे! अगं, मी जिवंत आहे, सांग त्यांना!” त्यांना वाटत होतं आपल्याला पुरताहेत, आणि बायको वर बसून माती माती म्हणतेय.

मला माझ्या नवऱ्याला वाचवायचं होतं म्हणून मी त्याला जिवंतपणी पेटीत दाबून धरलं होतं. उठले तर माश्या. बसले तर त्यांच्या छातीचा ठोका चुकेल. फळ्या माझ्याखाली करकरत होत्या. ह्यांची कारागिरी, एरवी मी तिचं कौतुक करते, त्या क्षणी देवाला म्हणत होते, मोडू नको रे, मोडू नको.

माश्या कोटात शिरल्या होत्या. मी कोट झटकला तेव्हा हाताला खिशातली नळी लागली.

शब्द पोचत नव्हता. नळी पोचली असती. पण त्यासाठी खाचेवरची फळी सरकवायला हवी होती, आणि फळी सरकवली तर माश्यांनाही तीच वाट.

मी कोटाची बाही खाचेवर गच्च दाबली, बाहीच्या आतून हात घातला, फळी बोटभर सरकवली आणि नळी आत ढकलली. “मेहुणा!” मी ओरडले. “मेहुणा आलाय!”

बाहीच्या आत, माझ्या मनगटाशी, काहीतरी सरपटलं. माझ्या बोटांवरून पुढे गेलं. मी बोटं मिटेपर्यंत ते आत गेलं होतं.

एक माशी. मी फळी बंद केली.

आतले धक्के थांबले. ओरडणं थांबलं. सगळंच थांबलं.

“अहो,” मी म्हणाले. “कळलं का? अहो.”

काही नाही.

भोकांना कान लावला. माझ्याच कानात इतकं घोंघावत होतं की आत श्वास चालू आहे की नाही ते कळेना. कळलंय म्हणून गप्प आहेत, की गळा मिटलाय म्हणून गप्प आहेत? उघडून बघता येत नव्हतं. पूर्वी त्यांनी अशीच हाक मारली होती, तोंड उघडं आणि आवाज नाही. आता तेच माझ्याखाली, चार बोटांवर, अंधारात होत असेल आणि मी वर बसलेय. मी फळीवर थाप मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग थाप मारायचीही भीती वाटली, उत्तर आलं नाही तर काय म्हणून.

धुराचा वास आला. मागे वळून बघितलं तर नकाशाबाई येत होत्या. अंगावर ताडपत्री, फक्त डोळे उघडे. हातात माळ्याची पत्र्याची बादली, बादलीत ओला पाला आणि त्याखाली पेटलेला कागद. त्यांचा आराखडा. बाई चोरून सिगारेट ओढायच्या हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्या लायटरला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला. त्या बादली पेटीभोवती फिरवत होत्या, रडत होत्या, खोकत होत्या, आणि सारखं म्हणत होत्या, “सॉरी, सॉरी.” मला की ह्यांना की माश्यांना, कुणास ठाऊक.

धूर दाटला. पेटीवरच्या माश्या सुस्तावल्या, एकेक करून उठल्या, खोडाकडे वळल्या. बाईंनी ताडपत्री माझ्यावर आणि पेटीवर तंबूसारखी धरली. “आता,” म्हणाल्या.

मी उतरले. झाकण उचललं. खिट्टी उघडीच होती.

हे उताणे पडले होते. डोळे मिटलेले. चेहरा घामाने भिजलेला, पण त्यांचाच. ओठ त्यांचेच, सुजलेले नाहीत. उजव्या हातात नळी, टोपण काढलेली, मांडीला टेकवलेली. टोचलेली नव्हती. आणि कपाळावर, भुवयांच्या मधोमध, ती माशी बसली होती. पंख हलवत.

मी खाली वाकले आणि फुंकर घातली. हळूच, दुधावरची साय सरकवावी तशी. माशी उडाली, धुरात दिसेनाशी झाली.

हे हलले नाहीत. ओठ न हलवता, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “गेली?”

“गेली.”

“मगापासून चालत होती. नाकावर गेली, पापणीवर गेली. म्हटलं श्वाससुद्धा घेऊ नये.” मग त्यांनी डोळे उघडले आणि माझं तोंड बघितलं. माझा एक डोळा मिटला होता, गाल फुगून कानाला टेकला होता. त्यांनी हात वर केला पण मला लावायची हिंमत झाली नाही. तो तसाच हवेत राहिला.

वरून भावजी, डोक्याला पोतं गुंडाळून, अडखळत येत होते. “दादा! दादा आहे ना रे? दादा!”

ह्यांनी तो आवाज ऐकला आणि एकदम माझं मनगट धरलं. घट्ट. हसायचा प्रयत्न करत होते, पण हनुवटी ऐकत नव्हती.

“काय गं,” म्हणाले, “पोचलो का आपण?”

“नाही,” मी म्हणाले. “अजून पुष्कळ लांब आहे. उठा.”